ओहोटीच्या बाईचं बाळंतपण

अलिबागला ओहोटी लागली की पर्यटक कुलाबा किल्ल्याकडे चालत निघतात, आणि त्याच वेळी किनाऱ्यावरच्या बायका पाटी घेऊन खडकांत उतरतात. कंबरेत वाकून खडकाला घट्ट चिकटलेलं एकेक कालव फोडायचं, आतला गर सोडवायचा. चिखल असेल तिथे हाताने चाचपून तिसऱ्या काढायच्या. कालवांच्या शिंपल्यांची धार पाय कापते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त ओसरतं, तेव्हा काम जास्त. ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून कधी पहाटे निघायचं, कधी भर उन्हात. सातवा महिना लागला म्हणून हे वेळापत्रक बदलत नाही, आणि तान्ह्याला अंगावर पाजायच्या वेळाही त्यात बसत नाहीत.

अशीच समुद्रात मेहनत करणाऱ्या कोरियातल्या जेजू बेटावरच्या हेन्यो, म्हणजे श्वास रोखून बुडी मारणाऱ्या बायका, 2016 साली युनेस्कोच्या वारसा यादीत आल्या. त्या गरोदरपणातही बुड्या मारत आल्या आहेत. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जेजूच्या लोकांमध्ये रक्तदाबाशी संबंधित एक जनुकीय वैशिष्ट्य आढळलं. गरोदर बायकांच्या बुड्यांमुळे ते टिकलं असावं, असा संशोधकांचा कयास आहे. मला मात्र त्यांची दुसरी गोष्ट मोलाची वाटते. गावच्या मच्छीमार संघटनेत हेन्यो स्वतःच्या नावाने सभासद असते. आपल्याकडे मच्छीमार म्हटलं की होडी आणि जाळंच डोळ्यांपुढे येतं. 2015 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उरण-पनवेल परिसरातल्या 1630 मच्छीमार कुटुंबांना सुमारे 95 कोटी रुपये भरपाई द्यायला सांगितली. निकाल मोठाच होता, पण हिशेब कुटुंबाचा झाला, दर कुटुंबामागे 5 लाख 84 हजार. त्यात पाटी घेऊन जाणारीचं काम वेगळं मोजलं गेलं नाही. जे काम मोजलं जात नाही, त्याला बाळंतपणाची रजा कुठून मिळणार?

कोणी म्हणेल, गरोदर बाईने मुळात खडकांत जाऊच नये. पण नुसत्या मनाईने घरातली चूल पेटत नाही. तिने काढलेली कालवं म्हणजे घरचं कालवण आणि बाजारातल्या वाट्याचे रोख पैसे. मातृवंदना योजना आहेच, असंही सांगतात. तिच्यात पहिल्या मुलासाठी 5 हजार मिळतात. नोकरदार बाईला 26 आठवड्यांची भरपगारी रजा आहे. तितक्या आठवड्यांवर योजनेचे हे 5 हजार पसरले तर आठवड्याला दोनशे रुपयेही पडत नाहीत. माशांच्या विणीसाठी आपण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद ठेवतो आणि ते योग्यच आहे. मग किनारा वेचणाऱ्या बाईला तिच्या बाळंतपणात घरी थांबता यावं, यासाठी सरकारने खर्च का करू नये? नोंदणी अवघड आहे, ही सबब मला पटत नाही. गावातली प्रत्येक गरोदर बाई अंगणवाडी सेविकेला ठाऊक असते. तिच्या नोंदीत कामाचा रकाना घालावा, ती नोंद मत्स्यव्यवसाय विभागाने मानावी, आणि सातव्या महिन्यापासून मूल सहा महिन्यांचं होईपर्यंत बुडालेल्या रोजाइतकी रक्कम थेट त्या बाईच्या खात्यात दरमहा जमा करावी.