पळून जायचंय? मग आधी जागा नीट निवडा!

सुरुवातीलाच कबूल करते, मी कॉन्व्हेंटवाली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मॅडमनी सुधारल्या असतील, विचार मात्र माझेच आहेत!

गेल्या महिन्यात मेसमधून परत येताना माझी रूममेट म्हणाली, "तू माजरीची ना? तुमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे नदीत बेटं आहेत म्हणे. एखादी झकास जागा सांग ना." मला वाटलं, पिकनिक असेल. तर बाईसाहेबांना तिथे लग्न करायचं होतं! तो, ती, दोन हार आणि कॅमेरावाला एक मित्र. जात वेगळी, त्यामुळे घरी सांगायची सोय नाही. परदेशात हल्ली असं दोघांचंच लग्न करायची फॅशन आहे. फरक एवढाच, की तिकडे नंतर फोटो आई-बाबांना पाठवतात आणि आपल्याकडे फोटो बघून भाऊ शोधायला निघतो.

माजरी म्हणजे कोळसा, रेल्वे जंक्शन आणि खाणीतल्या मातीचे डोंगर. आमच्याकडचं कोणी पळालं तर ते नदीवर जात नाही, सरळ स्टेशनवर जातं. तरी मी उत्साहाने यादी सांगितली. आमच्या वर्धा नदीला पैनगंगा भेटते ते वढा. वैनगंगा उलटी उत्तरेकडे वळते तिथलं मार्कंडाचं देऊळ. वर्धा आणि वैनगंगा एक होऊन प्राणहिता होते ते चपराळ्याचं जंगल. प्राणहिता गोदावरीला मिळते ते सिरोंचा. आणि इंद्रावती, पामुलगौतम, पर्लकोटा अशा तीन नद्यांचं भामरागड. पाणी ओसरलं की पात्रात वाळूची बेटं उघडी पडतात. संध्याकाळचा फोटो काय येईल म्हणता!

ती लिहून घेत होती. मग मी विचारलं, "फोटो काढून झाले, अंधार पडला. मग कुठे जाणार?" तिचं पेन थांबलं.

मी हे उगाच विचारलं नव्हतं. माझी आतेबहीण अशीच गेली होती. नदीकाठच्या देवळात हार घातले, फोटो खरंच सुंदर आहेत. त्या रात्री दोघं कुठे होती माहितेय? बसस्टँडच्या बाकावर. मित्राने ऐनवेळी फोन बंद केला. लग्नाचा कागद नाही, साक्षीदार नाही, खिशात चारशे रुपये. आज त्यांचं बरं चाललंय, पण ताई तो अल्बम कधीच काढत नाही. आत्या अजूनही तिचं नाव घेत नाही. दिवाळीला चकल्या मात्र माझ्या हातून पाठवते आणि म्हणते, "माझं नाव सांगू नको."

आता तुम्ही म्हणाल, ही पळून जाण्याच्या विरोधात दिसते. मुळीच नाही! आपल्या विदर्भातलं सगळ्यात प्रसिद्ध पळून जाणं याच वर्धेच्या काठचं आहे, वर कौंडण्यपूरला. रुक्मिणीचं लग्न भावाने शिशुपालाशी ठरवलं. तिने कृष्णाला पत्र पाठवलं, आणि त्यात जागा तिने स्वतः सांगितली : गावाबाहेरचं अंबिकेचं देऊळ. का? तर लग्नाच्या आदल्या दिवशी तिथे दर्शनाला जायची कुळाची रीतच होती. म्हणजे ती घराबाहेर कशी पडली, असं कोणी विचारणार नव्हतं. ते देऊळ आमचंच, असं अमरावतीकर आणि कौंडण्यपूरकर दोघंही म्हणतात, तो वाद बाजूला ठेवू. मुद्दा असा, की तिने जागा निवडताना देखावा बघितला नाही. रथ कुठे उभा राहील, मागून भाऊ आला तर काय आणि शेवटी जायचं कुठे, याचा विचार केला. समोर द्वारका होती! आपल्यापैकी किती जणांकडे द्वारका आहे?

सिव्हिलवाल्यांना वेगळं सांगायला नको. सिरोंच्याजवळचं मेडीगड्डा धरण २०१९ मध्ये सुरू झालं. दिसायला भव्य. ऑक्टोबर २०२३ मध्ये खांब खचले. पायाखालची वाळू वाहून गेली, असं तपासणाऱ्या समितीने म्हटलं. वाळूवर काही उभं करायचं तर आधी खाली काय आहे ते बघावं लागतं.

म्हणून जागेची माझी निवड ऐका : विवाह नोंदणी अधिकाऱ्याचं ऑफिस. भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या असतील, पण १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात जात-धर्म आड येत नाही. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात निदान तीस दिवस राहिलेलं हवं (हॉस्टेलवाल्यांनो, ऐकताय ना?), नोटीस दिल्यावर तीस दिवस थांबायचं आणि तीन साक्षीदार आणायचे. ती नोटीस ऑफिसात लावतात, घरी कळू शकतं, हा धोका खरा आहे. पण सज्ञान माणसाने कोणाशी लग्न करावं हा त्याचा हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाने २००६ मध्येच सांगितलंय. २०१८ मध्ये तर अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात सुरक्षित निवारा ठेवा, असंही सरकारांना बजावलं. तो पत्ता आधी माहीत करून घ्या, बेटाचा नंतर.

आणि मुलांनो, मुलाचं वय एकवीस पूर्ण लागतं. तिसऱ्या वर्षाच्या निम्म्या मजनूंना कायद्याने अजून लग्नच करता येत नाही! रूममेटच्या हिरोला एकवीस पूर्ण व्हायला पाच महिने आहेत. तिने यादीचा कागद फाडला नाही, घडी करून मॅथ्सच्या पुस्तकात ठेवलाय. म्हणाली, "तोवर आईला सांगून बघते."

शेवटचं रेक्टर मॅडम, सर आणि हा अंक घरी वाचणाऱ्या आई-बाबांसाठी. दर आषाढीला कौंडण्यपूरहून रुक्मिणीच्या माहेरची पालखी पंढरपूरला जाते. जी मुलगी पळून गेली, तिच्यासाठी अख्खं माहेर शेकडो मैल चालतं. मग आमच्या आत्याला माजरीहून ताईच्या घरापर्यंतचे चाळीस किलोमीटर एवढे लांब का वाटावेत?