टेपा जपणारा महोत्सव

१९८३ साली ब्राझीलच्या साओ पावलो शहरात ‘व्हिडिओब्राझील’ हा महोत्सव पहिल्यांदा भरला, तेव्हा तिथली लष्करी राजवट एकोणीस वर्षांची झाली होती. घरोघरच्या टीव्हीवर ग्लोबो वाहिनीचा वरचष्मा होता. त्याच सुमारास व्हिडिओ कॅमेरा तरुणांच्या हाती येऊ लागला. ‘ओल्यार एलेत्रोनिको’ या गटातल्या पोरांनी एर्नेस्तो व्हारेला नावाचा एक काल्पनिक वार्ताहर घडवला, चष्मेवाला आणि भाबडा. ती भूमिका मार्सेलो तास करी. त्याच्यामागे कॅमेरा धरणारा फर्नांडो मेरेलेस पुढे ‘सिटी ऑफ गॉड’चा दिग्दर्शक म्हणून जगभर गाजला. या व्हारेलाने पावलो मालुफ या बड्या नेत्याला तोंडावर विचारले, लोक तुम्हाला भ्रष्ट म्हणतात, ते खरे आहे का? मालुफ उत्तर न देता चालते झाले.

असल्या पोरांना वाहिन्यांची दारे सहजी उघडत नव्हती. महोत्सवाने त्यांना पडदा दिला, बक्षिसे दिली.

एरवी महोत्सव संपला की मांडव उतरतो आणि पाहुणे पांगतात. साओ पावलोत टेपा मागे राहिल्या. सोलांज फार्कास यांनी १९९१ साली महोत्सवासाठी स्वतंत्र संस्था उभी केली आणि संग्रहाचे काम महोत्सवाइतकेच महत्त्वाचे मानले. आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिका इथल्या कलावंतांना त्यांनी मुद्दाम केंद्रस्थानी आणले. फार्कास यांना साथ मिळाली ‘सेस्क’ची. व्यापारी आस्थापनांच्या पगारखर्चातून दीड टक्का सक्तीची वर्गणी घेऊन ही संस्था चालते. प्रायोजकाच्या मर्जीवर सगळे सोडले असते तर हा महोत्सव चार दशके टिकला असता का, याची शंकाच आहे.

नोंद जपून परत दाखवली की काय घडते, याचे उदाहरणही ब्राझीलमध्येच सापडते. १९८७च्या सुमारास चित्रपटकार व्हिन्सेंट कारेली नाम्बिक्वारा आदिवासींच्या वस्तीत कॅमेरा घेऊन गेले. वयात आलेल्या मुलीचा सोहळा त्यांनी टिपला आणि तिथेच टीव्ही लावून वस्तीला दाखवला. लोक नाराज झाले. अंगावर एवढे कपडे? हे आपले रूप नव्हे! त्यांनी सोहळा जुन्या रीतीने पुन्हा केला, आणि पुढे ओठ व नाक टोचण्याचा वर्षानुवर्षे बंद पडलेला विधीही सुरू केला. यातूनच गावागावांत कॅमेरे देणारा ‘व्हिडिओ नास आल्देयास’ हा प्रकल्प वाढला.

मुंबईची गोष्ट याच्या उलट आहे, म्हणून ती अधिक सलते. चित्रकार अकबर पदमसी यांनी १९६९ साली नेहरू फेलोशिपच्या पैशांतून मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ थाटले. चित्रकार आणि सिनेमावाले एकाच छताखाली प्रयोग करू लागले. चित्रकार नलिनी मलानी यांचे सुरुवातीचे फिल्मचे काम तिथलेच. हा उपक्रम १९७२ पर्यंत चालला. त्या काळात पदमसींनी ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ नावाची अमूर्त फिल्म केली. तिची एकच प्रिंट होती. ती दिल्लीच्या प्रदर्शनाला गेली आणि परत आलीच नाही. २०१६ साली दिग्दर्शक आशिम अहलुवालिया यांनी त्याच नावाची फिल्म काढली, तीत वृद्ध पदमसी हरवलेले काम आठवून पुन्हा उभे करू पाहतात. २०२० मध्ये पदमसी गेले. भारतीय कलेतला इतका धाडसी प्रयोग आता केवळ आठवणीवर उरावा, ही मोठी हानी आहे.

पुढच्या पिढीच्या व्हिडिओ कलावंतांचे काम तर फिल्मपेक्षा नाजूक टेपेवर आहे. टेपेत चुंबकीय कण प्लास्टिकच्या पट्टीला चिकटवलेले असतात. दमट हवेत तो चिकट थर विघटित होतो, टेप यंत्रात अडकते, बुरशी धरते. मुंबईच्या पावसाळ्याबद्दल वेगळे सांगायला नको. शिवाय टेप शाबूत असली तरी ती वाजवायची कशावर? व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ साली उत्पादन थांबवले. युनेस्कोने २०१९ मध्येच जगाला सावध केले होते, की २०२५च्या आसपास टेपा वाजवणे दुरापास्त होईल. ती मुदत उलटली आहे.

असे काम जपायला खर्च होतो, मेहनत पडते, हे खरे. दक्षिण कोरियात व्हिडिओ कलावंत नाम जून पाइक यांचा १००३ टीव्हींचा मनोरा आगीच्या धोक्यामुळे २०१८ साली बंद करावा लागला. जुने संच दुरुस्त करून, काही बदलून, तो २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला. ही जबाबदारी तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयाने उचलली.

पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून प्रामुख्याने सिनेमा जपत आले आहे. व्हिडिओ कलेसाठी मुंबईत तसे सार्वजनिक घर हवे, आणि त्यात नुसती कपाटे नकोत. चालू स्थितीतली यंत्रे, कोरडी थंड खोली आणि दुरुस्तीचे टेबल हवे. मुंबई दूरदर्शन १९७२ पासून चालते, म्हणजे टेपेवर हयात घालवलेले तंत्रज्ञ याच शहरात निवृत्त झाले आहेत. लॅमिंग्टन रोडवर जुन्या यंत्रांची नाडी ओळखणारे कारागीर आहेत. राज्याच्या सांस्कृतिक खात्याने मानधन देऊन या माणसांना बोलवावे, त्यांच्या हाताखाली तरुण मुले नेमावीत आणि कलावंतांच्या घरच्या माळ्यांवर पडलेल्या टेपांची यादी येत्या पावसाळ्याआधी सुरू करावी.