बूथवार वाटणी करा, क्षेत्रसभा बोलवा

15 जानेवारी 2026 च्या मतदानानंतर जळगाव आणि धुळे महापालिकांत पुन्हा लोकनियुक्त सभागृह आले. जळगावात सप्टेंबर 2023 पासून आणि धुळ्यात त्याच वर्षाच्या अखेरीपासून प्रशासकराज होते. दोन वर्षांहून अधिक काळ माणसाने गाऱ्हाणे घेऊन जायचे ते अधिकाऱ्याच्या टेबलापाशी, आणि तिथे ओळख नसेल तर आल्या पावली परत. आता जळगावचे 75 आणि धुळ्याचे 74 नगरसेवक निवडून आले, हारतुरे झाले. त्यांची विचारणा मात्र एकाच गोष्टीची आहे: प्रभागाला निधी किती आणि कधी? क्षेत्रसभेचे नाव कोणी काढत नाही.

महापालिका अधिनियमात क्षेत्रसभेची तरतूद 2009 साली आली. दोन ते पाच मतदान केंद्रांचा मिळून एक भाग, त्यातला प्रत्येक मतदार सभेचा सदस्य, अध्यक्षस्थानी नगरसेवक. कामे सुचवायची, त्यांचा क्रम लावायचा, योजनेचे लाभार्थी तपासायचे, हे या सभेचे काम. दोन वर्षांत किमान चार सभा घेतल्या नाहीत तर नगरसेवकपद जाऊ शकते, इतका कायदा कडक. तो कागदावरच राहिला.

कारण विचारले की नगरसचिव कार्यालयांतून ठरलेले उत्तर मिळते: क्षेत्रे निश्चित झालेली नाहीत. ती का झाली नाहीत, याची कहाणी चीड आणणारी आहे. कायदा आला तेव्हा एका प्रभागाचा एक नगरसेवक होता, त्यामुळे अध्यक्ष कोण हा प्रश्नच नव्हता. 2012 पासून दोन सदस्यांचा प्रभाग आला, 2017 पासून चारांचा. 2019 मध्ये पुन्हा एकसदस्यीय करायचे ठरले, 2021 मध्ये तीन सदस्यांचे, 2022 मध्ये फिरून चारांचे. प्रत्येक फेरबदलात मुंबईहून राजपत्र निघाले, नकाशे झाले, हरकती-सुनावण्या झाल्या. एवढा खटाटोप झाला, पण एकदाही कोणाला क्षेत्रे आखावीशी वाटली नाहीत. आज दोन्ही शहरांत 19-19 प्रभाग आहेत, बहुतेक चार सदस्यांचे. चार नगरसेवकांपैकी गटारीची तक्रार कोणाकडे न्यायची हे मतदाराला कळत नाही, आणि चौघेही एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे.

2011 च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या 4 लाख 60 हजार होती. म्हणजे तेव्हाच्या आकड्यानेही एका प्रभागात सरासरी 24 हजार माणसे. अशा प्रभागाच्या एका टोकाला बंगल्यांची कॉलनी असते, तिच्या ओपन स्पेसला तारेचे कुंपण, गेटला कुलूप. दुसऱ्या टोकाला वस्ती, तिथली पोरे रस्त्यावर खेळतात. कुलूप लावणाऱ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो आणि त्यात चारही नगरसेवक असतात. वस्तीतली बाई धुणीभांडी उरकून परतते तेव्हा महापालिका बंद झालेली असते. ओपन स्पेस महापालिकेच्या मालकीची, म्हणजे त्या पोरांचीही. हे कोणीतरी दोन्ही टोकांची माणसे समोरासमोर बसवून सांगायला हवे, आणि ते काम नगरसेवकाचेच आहे.

वस्तीला कोणी विचारले नाही तर काय होते, हे जळगावला सांगायला नको. घरकुल योजना झोपडपट्टीवासीयांसाठी आखली गेली. 31 ऑगस्ट 2019 रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने त्या योजनेतील गैरव्यवहाराच्या प्रकरणात माजी मंत्र्यासह 48 जणांना दोषी ठरवले. प्रकरण पुढे अपिलात गेले, त्याचा निकाल न्यायालय देईल. पण ज्यांच्या नावाने कर्ज काढले, त्यांना अर्धवट उभ्या भिंतींचा हिशेब मागायला एकही हक्काची जागा नव्हती. दर सहा महिन्यांनी वस्तीतच सभा भरली असती तर काम कुठे अडले, हे फौजदारी गुन्हा नोंदवण्याच्या कितीतरी आधी इतिवृत्तात आले असते.

धुळ्याचे दुखणे निराळे. 6 जानेवारी 2013 च्या दंगलीत पोलीस गोळीबारात सहा जणांचा बळी गेला, आणि सुरुवात हॉटेलच्या बिलावरच्या भांडणातून झाली होती. त्याआधी 2008 ची दंगल झालीच होती. सलोखा म्हणजे पोलिसांचे खाते, असा समज महापालिकेने तेव्हापासून सोडलेला नाही. गणपती-मोहरमच्या तोंडावर शांतता समितीची बैठक होते, तेच चेहरे, तोच चहा, पुन्हा वर्षभर कोणी कोणाला भेटत नाही. भिवंडीत 1988 नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे नियमित भेटत राहिली, आणि 1992-93 मध्ये मुंबई जळत असताना शेजारची भिवंडी शांत राहिली. एक पोलीस अधिकारी जे करू शकला, ते 74 निवडून आलेल्या माणसांना जमू नये?

धुळे तर परक्यांना बोलावूनच मोठे झाले. 1819 मध्ये गावात 401 घरे आणि अडीच हजार वस्ती होती. इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने नव्या पेठेत घरासाठी बिनभाड्याची जागा दिली, घर बांधायला उचल दिली, आणि ती जुन्या रहिवाशांना आणि बाहेरून आलेल्यांना सारखीच दिली. त्याला व्यापार वाढवायचा होता, हे खरे. तरीही त्या सरळ आखलेल्या नंबरी गल्ल्यांत आजही धुळेकर राहतो.

तेव्हा आयुक्तांनी प्रभागातली मतदान केंद्रे चार नगरसेवकांत वाटून द्यावीत, क्षेत्रांचा प्रस्ताव शासनाला पाठवावा आणि यादी फलकावर लावावी. नगरसेवकांनी शासनाच्या मंजुरीची वाट पाहू नये. रहिवाशांची सभा बोलवायला कोणाची ना नाही. सभा यंत्रमागाची पाळी सुटल्यावर, संध्याकाळी, वस्तीतल्या शाळेत घ्या. लोक अहिराणीत बोलतील, उर्दूत बोलतील, पावरीत बोलतील, बोलू द्या. पातूर नगरपरिषदेच्या फलकावरील उर्दूला सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये मान्यता दिली आहे, तेव्हा नोटीस दोन भाषांत काढायला बिचकू नका. निम्म्या जागांवर भगिनी निवडून आल्या आहेत. अध्यक्षस्थानी त्याच बसतील, पतिराज नव्हे. प्रभाग समितीवर सामाजिक संस्थांच्या तीन जागा आहेत, त्या पडलेल्या उमेदवारांच्या सोयीसाठी नाहीत. तिथे दिव्यांगांसाठी, सफाई कामगारांसाठी झटणारी माणसे घ्या.

आणि पहिल्या सभेचे इतिवृत्त या मासिकाकडे धाडा. किती माणसे आली, त्यांत बाया किती, पहिली मागणी कोणती, ती स्थायी समितीच्या विषयपत्रिकेवर कोणत्या तारखेला गेली, एवढे चार तपशील पुरे. पुढच्या अंकापासून ते प्रभाग क्रमांकानुसार छापले जातील, आणि ज्या प्रभागाचा कागद आला नाही त्याचा रकाना कोरा राहील.