हातांचा सराव, मेंदूची झोप

नव्याने टाके घालायला शिकणाऱ्या निवासी डॉक्टरचे हात अडखळतात. सुई कोणत्या कोनात टोचायची, गाठ किती आवळायची, याचा दर वेळी विचार करावा लागतो. काही आठवड्यांनी तेच हात सराईतपणे चालू लागतात. याचे श्रेय सरावाला दिले जाते आणि ते रास्तच आहे. पण सराव थांबला म्हणजे मेंदूचे शिकणे थांबले, असे नव्हे. त्यातला बराचसा भाग रात्रीच्या झोपेत पार पडतो.

२००२ मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूलमधील मॅथ्यू वॉकर, रॉबर्ट स्टिकगोल्ड व सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. उजव्या लोकांना डाव्या हाताच्या बोटांनी ४-१-३-२-४ या क्रमाने कळा दाबायला शिकवले. सकाळी शिकून दिवसभर जागे राहिलेल्यांचा वेग १२ तासांनी फारसा वाढला नव्हता. संध्याकाळी शिकून झोपी गेलेल्यांचा वेग मात्र दुसऱ्या सकाळी सुमारे २० टक्क्यांनी वाढला, तोही जादा सराव न करता. सकाळच्या गटानेही रात्रीच्या झोपेनंतर तशीच प्रगती दाखवली. या वाढीचा संबंध झोपेच्या दुसऱ्या टप्प्याशी, विशेषतः उत्तररात्रीच्या झोपेशी आढळला. पहाटेची झोप मोडणे म्हणूनच महागात पडू शकते.

या टप्प्यात मेंदूच्या आलेखावर चातीच्या आकाराचे लहरींचे झुबके दिसतात. त्यांना ‘स्लीप स्पिंडल’ म्हणतात. दिवसा वापरलेल्या मज्जापेशींमधील जोडण्या पक्क्या करण्यात त्यांचा वाटा असावा, असे मानले जाते. पुढे काही संशोधकांनी या निष्कर्षांना मुरड घातली. सरावाचा थकवा उतरल्यामुळेही वेग वाढलेला दिसतो, झोप कौशल्य वाढवण्यापेक्षा ते टिकवते, असे त्यांचे म्हणणे. हा वाद अजून मिटलेला नाही. पण जागरणाने हात लवकर तयार होतात, असे दोन्ही बाजूंपैकी कोणीच म्हणत नाही.

आपली वैद्यकीय शिक्षणव्यवस्था मात्र तसेच गृहीत धरून चालते. सलग २४, कधी ३६ तासांच्या ड्यूटीत नवे कौशल्य शिकायचे, ते पक्के व्हायच्या वेळी पुन्हा कॉल घ्यायचा. ‘आम्हीही असेच शिकलो’ हे ज्येष्ठांचे ठरलेले उत्तर. निवासी डॉक्टरांचे काम दिवसाला साधारणपणे १२ तासांपेक्षा जास्त नसावे, असे केंद्राने १९९२ मध्येच सुचवले होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांत ‘वाजवी’ कामाचे तास आणि ‘वाजवी’ विश्रांती एवढेच म्हटले आहे. वाजवी म्हणजे किती, हे ज्याने त्याने ठरवायचे!

रुग्णसंख्या प्रचंड आणि मनुष्यबळ अपुरे, ही अडचण खरीच आहे. रिक्त पदे भरल्याशिवाय ती पूर्ण सुटणार नाही. पण तोवर विभागप्रमुखांना दोन गोष्टी नक्की करता येतील. नवी शस्त्रक्रिया रात्रपाळीच्या शेवटी शिकवू नये. आणि जी शिकवली, त्या रात्री शिकणाऱ्याला सलग झोप मिळेल असे वेळापत्रक आखावे. याला निधी लागत नाही, मंजुरीही लागत नाही.

झोप ही सवलत नाही, प्रशिक्षणाचाच भाग आहे. ती नाकारल्याची किंमत शेवटी टेबलावरचा रुग्ण मोजतो.