सडीची वजावट कोणाच्या पट्टीतून?

कापूस घरात रचून ठेवता येतो, ज्वारी कणगीत घालता येते. भाव पटला नाही तर महिनाभर थांबता येते. विहिरीच्या पाण्यावर जगवलेल्या मोसंबी-संत्र्याला ती सोय नाही. फळ तुटले की दिवस मोजायचे. म्हणूनच फळाची सड हा आम्ही केवळ बुरशीचा प्रश्न मानत नाही. सौद्याच्या वेळी शेतकऱ्याला किती थांबता येते, याचा हा प्रश्न आहे.

परभणीहून पाथरी, अहिल्यानगर, माळशेज, टोकावडे, मुरबाड, कल्याण असा राष्ट्रीय महामार्ग ६१ कोरडवाहू मुलखातून मुंबईच्या पेठांकडे उतरतो. घाट उतरून टोकावड्याला आले की हवा दमट होते. बागेत निरोगी दिसलेले फळ पेठेत मऊ पडते, पांढरी आणि मग हिरवी-निळी भुकटी धरते. आडत्या ते डागी म्हणून बाजूला काढतो आणि वजावट शेतकऱ्याच्या पट्टीत येते.

या भुकटीचे नाव पेनिसिलियम. तिचे बीजाणू बागेत, क्रेटमध्ये, हवेत सगळीकडे असतात. पण धड सालीतून ते आत शिरू शकत नाहीत. त्यांना जखम लागते. नखाचा ओरखडा, ओढून तोडताना देठापाशी फाटलेली साल, ढिगावर आपटलेले फळ, ही त्यांची दारे. ती बंद करणे हाच पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय.

दव सुकल्यावर तोडणी करावी, पावसात करू नये. फळ ओढू नये. कात्रीने देठ आखूड ठेवून कापावे. मातीवर ढीग घालू नये, सावलीत ठेवावे. सडके फळ बागेतच वेगळे काढून पुरावे. क्रेट धुऊन उन्हात वाळवावेत. खाली घालायचा पेंढा कोरडा असावा. देठाकडून येणारी कूज मात्र झाडावरच लागते. तिच्यासाठी तोडणीनंतर वाळलेली सल काढून जाळावी.

त्यापुढचा उपाय खाण्याच्या सोड्याचा. १०० लिटर पाण्यात ३ किलो सोडा विरघळवून, तोडणीच्याच दिवशी फळे २ ते ३ मिनिटे बुडवावीत, स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत पूर्ण सुकवावीत. पाणी गढूळले की बदलावे, नाहीतर तेच बुरशी वाटत फिरते. आधी थोड्या फळांवर करून पाहावे. सोडा नव्या जखमेतली बुरशी रोखतो. आत मुरलेली सड बरी करत नाही. रासायनिक बुरशीनाशकांचीही हमी राहिलेली नाही. त्यांना दाद न देणारी हिरवी बुरशी अनेक देशांत आढळली आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. उभी बाग घेणारा व्यापारी स्वतःचे मजूर आणतो. ते घाईने फळ ओढतात, आणि नुकसान भावात धरले जाते आपल्या. हे का चालवून घ्यायचे? सौदा ठरतानाच अट घाला: तोडणी कात्रीने, क्रेट धुतलेले, आणि फळ बागेतून मोजून दिल्यावर झालेल्या सडीची वजावट शेतकऱ्यावर नाही. एकट्याने अट घातली तर व्यापारी शेजारच्या बागेत जाईल. गावाने मिळून घातली तर जाणार कुठे? जिल्ह्याच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने हे ठरवून यावे.