कुंपणासाठी शेत विकू नका



परवा भाचा आला. चहा होईपर्यंत त्याने मोबाईलवर सोन्याचा भाव तीनदा पाहिला. मग म्हणाला, "मावशी, डॉलर ढासळतोय. रिझर्व्ह बँकसुद्धा सोनं घेतेय. मी कर्ज काढून घेतोय, तूही एफडी मोड."

त्याची भीती खोटी नाही. आमच्या ढोकीजवळचे तेर म्हणजे जुने तगर. तिथला माल रोमला जाई. त्या रोमनेही पुढे आपल्या नाण्यातली चांदी कमी करत नेली. अमेरिकेने ३५ डॉलरला एक औंस सोने द्यायचा शब्द १९७१ च्या ऑगस्टमध्ये मोडला. २०२२ मध्ये रशियाची परकीय गंगाजळी गोठवली गेली, तेव्हा बाकीचे देशही सावध झाले. आपल्या देशाने १९९१ मध्ये ४७ टन सोने परदेशी गहाण ठेवून अब्रू राखली. अडीनडीला सोने उभे राहते, हे मला मान्य.

पण बी.कॉम.ला आम्हाला 'हेजिंग' शिकवले, त्याचा साधा अर्थ कुंपण. शेत राखायला कुंपण घालतात. कुंपणासाठी शेत विकणाऱ्याला काय म्हणावे?

रिझर्व्ह बँक सोन्याच्या विटा घेते, तेही गंगाजळीचा एक हिस्सा म्हणून. आपण पाटल्या घेतो. वर घडणावळ, वर जीएसटी. मुलाच्या शिक्षणासाठी मी पाटल्या मोडल्या, तेव्हा घडणावळ गेलीच, शिवाय सराफाने घट कापली.

आणि भाव काय चढतच राहतो? १९८० च्या जानेवारीत ८५० डॉलरला गेलेले सोने १९९९ मध्ये अडीचशेच्या घरात होते. आपल्याला ती पडझड जाणवली नाही, कारण इकडे रुपयाच डॉलरपुढे घसरत होता. म्हणजे आपले सोने हे डॉलरपेक्षा रुपयाचे कुंपण आहे. तेही पक्के नाही: २०१३ ते २०१५ मध्ये रुपयातला भावही उतरला. कर्जाचा हप्ता मात्र भाव बघून थांबत नाही.

भाचा म्हणाला, "हा परिग्रह नाही मावशी, ही सुरक्षितता आहे."

मी विचारले, "किती ग्रॅमला ती पुरी होते?"

त्याच्याकडे आकडा नव्हता. इथेच सगळे अडते. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहपरिमाणाचे अतिचार सांगताना हिरण्य-सुवर्ण वेगळे मोजले आहे. ही मर्यादा रुपयांत घातली तर महागाई ती मोडते, ग्रॅममध्ये घातली तर टिकते. ज्या संरक्षणाला आकडा नाही, तो लोभच. भीतीचा वेश घेऊन आला एवढेच.

मी माझा आकडा ग्रॅममध्ये वहीत लिहून ठेवला आहे. त्यापुढे एक गुंजही नको. तुम्हीही आज लिहा, आणि मगच सराफाची पायरी चढा.

भाचा अजून विचार करतोय. माझी एफडी जागेवर आहे.