हिनाकोचं लग्न आणि गेममधून गायब झालेली वस्ती

‘गेम खेळणं हा रिकामटेकड्या पोरांचा उद्योग, त्यात चळवळीचं काय काम?’ असं म्हणणारे ज्येष्ठ कार्यकर्ते आम्हाला नेहमी भेटतात. त्यांचा आदर राखून आम्ही एवढंच म्हणतो की सिनेमाबद्दलही कधीकाळी असंच बोललं जायचं. मग २०१३ ला ‘फँड्री’ आला, २०१६ ला ‘सैराट’ आला आणि सगळेच सिनेमावर लिहू लागले. आज वस्तीतला पोरगा रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईलवर काय बघतो, याची खबर चळवळीला नसेल तर ती चूक चळवळीची आहे. म्हणून आज एका भयपट-गेमवर लिहितोय. आमच्यापैकी दोघांनी तो मित्राच्या कॉम्प्युटरवर खेळला, बाकीच्यांनी यूट्यूबवर पाहिला. कथा उघड होणार आहे, ज्यांना स्वतः खेळायचाय त्यांनी आधी खेळून या.

गेमचं नाव ‘सायलेंट हिल एफ’. जपानच्या कोनामी कंपनीने तो २५ सप्टेंबर २०२५ ला बाजारात आणला. ही मालिका १९९९ पासूनची. पहिल्या गेममध्ये एक बाप धुक्याने भरलेल्या अमेरिकन गावात आपली हरवलेली मुलगी शोधतो. त्या गावातल्या एका धर्मपंथाला देव जन्माला घालायचा असतो आणि त्यासाठी एका लहान मुलीचं शरीर वापरलं जातं. तिला आगीत ढकलणारी तिची सख्खी आई असते. म्हणजे धर्माच्या नावाखाली मुलीच्या देहावर हक्क सांगणं, हे या मालिकेत पहिल्यापासून आहे. नव्या गेमने ते अमेरिकेतून उचललं आणि १९६० च्या दशकातल्या जपानी गावात आणलं. गावाचं नाव एबिसुगाओका. नाव काल्पनिक, पण गल्ल्या-पायऱ्या गिफू प्रांतातल्या कानायामा या खऱ्या गावावरून उतरवलेल्या. कथा लिहिलीय र्युकिशी झिरो सेव्हन या टोपणनावाने लिहिणाऱ्या जपानी लेखकाने.

नायिका हिनाको शिमिझू, शाळकरी मुलगी. बाप दारुडा आणि हात उचलणारा. आई त्याच्यापुढे मान खाली घालून जगणारी. थोरली बहीण लग्न होऊन गेलेली. एक दिवस बापाशी भांडून हिनाको घराबाहेर पडते, गावावर धुकं उतरतं, भिंतींवर लाल फुलं उगवू लागतात आणि ज्यांना ती फुलं गिळतात ती माणसं संपतात. तिच्या हातात बंदूक नाही. पूर्ण गेममध्ये कुठेच बंदूक नाही. लोखंडी पाइप, बॅट, कुऱ्हाड, तीही वापरून वापरून तुटणारी. धुक्यातून येणाऱ्या राक्षसांत एक प्रकार असा आहे की त्याच्या अंगभर पोटांसारखे फुगे लटकतात आणि त्यातून नवे राक्षस बाहेर पडतात. ते पाहून आम्हाला किळस आली, आणि मग लक्षात आलं की या मुलीला बाळंतपणाचं भय असंच दिसत असणार.

मधूनमधून हिनाको एका अंधाऱ्या देवळात जागी होते. तिथे कोल्ह्याचा मुखवटा घातलेला एक देखणा पुरुष तिला हळुवार बोलून एकेका विधीपाशी नेतो. एका विधीत ती स्वतःचा हात करवतीने कापते. एकात तिच्या अंगावर डाग दिला जातो. शेवटी चेहरा. हे सगळं कशासाठी? ती त्या घराण्याची व्हावी म्हणून. हळूहळू कळतं की बापावर कर्ज आहे आणि एका श्रीमंत घराण्याशी तिचं लग्न ठरलंय. मुलीचा हात गेला, चेहरा गेला, आणि आजूबाजूचे त्याला मंगलकार्य म्हणतायत. आपल्याकडेही सासरी गेल्यावर मुलीचं नाव बदलतात, तांदळाच्या ताटात नवं नाव लिहितात आणि फोटो काढतात. गेमने फक्त करवत दाखवली.

इथपर्यंत आम्ही या गेमचे चाहते आहोत. गेम सुरू होताच पडद्यावर सूचना येते की यात लिंगभेद, मुलांचा छळ, दादागिरी दाखवलीय. काही गेमर मंडळींना याचाच राग. ‘भुताच्या गेममध्ये राजकारण कशाला?’ त्यांना आमचा साधा प्रश्न: भूत कशाला घाबरवतं? माणूस ज्याला आधीच घाबरलेला असतो त्यालाच. ज्या घरात पोरगी पावलांच्या आवाजावरून बाप किती प्यायलाय ते ओळखते, त्या घरात भूत वेगळं आणावं लागत नाही.

आता मुद्द्यावर येऊ. हिनाकोची गोष्ट आम्हाला परकी वाटली नाही, कारण तिचं शास्त्र आम्ही आधी वाचलंय. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात २५ वर्षांच्या बाबासाहेबांनी ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला. जात टिकते ती आपल्याच गटात लग्न करण्याच्या सक्तीवर, हे त्यांनी तिथे मांडलं. ही सक्ती चालवायची तर गटातल्या बायका-पुरुषांचा हिशेब जुळला पाहिजे. नवरा मेला तर उरलेल्या बाईचं काय? तिला जाळा, नाहीतर जन्मभर विधवा ठेवा. बायको मेलेल्या पुरुषाचं काय? त्याला लग्नाच्या वयात न आलेली पोर द्या. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या तिन्ही प्रथा त्यांनी जातीच्या यंत्राचे भाग म्हणून उलगडून दाखवल्या. मुलीच्या लग्नावर पहारा का, याचं उत्तर त्या निबंधात आहे. तो पहारा गटाच्या कुंपणावरचा आहे आणि मुलगी म्हणजे त्या कुंपणाचं फाटक.

याच ठिकाणी ‘सायलेंट हिल एफ’ अर्धा रस्ता चालून थांबतो. त्याला फाटक दिसलं, कुंपण दिसलं नाही. १९६० च्या दशकातलं जपानी गाव, त्यात लग्नाची बोलणी, घराण्याच्या प्रतिष्ठेची चर्चा, आणि बुराकुमिन कुठे आहेत? आम्ही शोधलं, आम्हाला कुठे दिसले नाहीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बुराकुमिन म्हणजे जपानमधले अस्पृश्य. कातडं कमावणं, मेलेली जनावरं, कत्तलखाना, फाशीचं काम त्यांच्या माथी. धर्म तोच, भाषा तीच, चेहरा तोच, वस्ती मात्र वेगळी. १८७१ च्या फर्मानाने ते कागदावर मुक्त झाले, पण १८७२ च्या कुटुंब-नोंदवहीत त्यांच्या पूर्वीच्या दर्जाच्या खुणा राहून गेल्या. लग्न जुळवताना समोरच्या घराण्याची नोंद काढून बघायची रीत पडली. ती जुनी वही लोकांना बघण्यासाठी बंद झाली कधी? १९६८ ला. म्हणजे हिनाकोच्या काळात ती उघडीच होती. आणि वही बंद झाल्यावर? १९७५ ला उघडकीस आलं की बुराकु वस्त्यांच्या नावापत्त्यांच्या याद्या छापून कंपन्यांना विकल्या जातायत.

त्यांनीही लढा दिला. ३ मार्च १९२२ रोजी क्योतोत ‘सुइहेइशा’ ही बुराकुंची संघटना उभी राहिली, महाडच्या पाच वर्षं आधी. १९३३ ला ताकामात्सुच्या न्यायालयाने दोन बुराकु तरुणांना शिक्षा केली. आपण बुराकु आहोत हे न सांगता लग्न जुळवलं, म्हणजे मुलीला फसवून पळवलं, असा तो न्याय. जात न सांगणं हाच गुन्हा ठरला. सुइहेइशाने त्याविरुद्ध देशभर आंदोलन पेटवलं. आणि थेट गेमच्याच दशकातलं उदाहरण हवं असेल तर १९६३ चं सायामा प्रकरण बघा. एका शाळकरी मुलीचा खून झाला, पोलीस बुराकु वस्तीत शिरले आणि काझुओ इशिकावा या तरुणाला उचललं. १९६४ ला फाशी सुनावली, १९७४ ला ती जन्मठेप झाली, १९९४ ला पॅरोलवर सुटका. कबुली दबावाखाली घेतली असं सांगत, फेरसुनावणी मागत मागत ते मार्च २०२५ मध्ये वारले. त्यानंतर सहा महिन्यांनी हा गेम आला.

कुणी म्हणेल, ‘गेमचा विषय बाई आहे, तुम्ही प्रत्येक ठिकाणी जात आणता.’ आम्ही आणत नाही, ती तिथे असतेच. लग्नाची गोष्ट सांगायची आणि लग्न कुणाशी होऊ शकत नाही हे सांगायचं नाही, तर ती गोष्ट अपुरी राहते. हिनाकोवर जो पहारा आहे, त्याच पहाऱ्याने पलीकडच्या वस्तीतल्या तरुणाला तुरुंगात टाकलं. दोघांना वेगळं करून बघणं ही सोयीची गोष्ट आहे, कारण मग चांगल्या घरातले लोक ‘बिचारी पोरगी’ म्हणून रडू शकतात आणि आपल्या कुंपणाला हातही लावावा लागत नाही. आपल्याकडचा उच्चजातीय स्त्रीवाद वर्षानुवर्षं हेच करत आला.

आमचा दुसरा आक्षेप असा की कथा पुढे जाते तसा दोष देवदेवतांच्या भांडणावर सरकू लागतो. कोल्ह्याचा देव, गावाचा शाप, जुना वाद. देवाने केलं म्हटलं की बाप सुटतो, सावकार सुटतो, गाव सुटतं. तरी एका गोष्टीचं श्रेय देऊ. पहिल्यांदा खेळताना शेवट एकच मिळतो. दुसरे शेवट हवे असतील तर पुन्हा पुन्हा खेळावं लागतं, आणि सगळ्यांत कष्टाने मिळणाऱ्या शेवटात हिनाको आपला निर्णय आपल्या हातात घेते. स्वातंत्र्य पहिल्या फेरीत मिळत नाही, हे चळवळीतल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

कायद्याचंही तसंच. जपानच्या नव्या राज्यघटनेचं २४ वं कलम सांगतं की लग्न फक्त दोघांच्या संमतीने. ते लिहिण्यात बिएटे सिरोटा या २२ वर्षांच्या तरुणीचा हात होता आणि ते ३ मे १९४७ पासून लागू आहे. हिनाकोच्या घरात ते पोचलंच नाही. इकडे हिंदू कोड बिल अडवलं गेलं म्हणून १९५१ ला बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. घटना दिल्लीत लिहिली जाते, पण ती घरात शिरते का, हा प्रश्न दोन्ही देशांत उरतोच. सोनई २०१३ ला झालं, खर्डा २०१४ ला. एका मुलीशी बोलला एवढ्यावरून शाळकरी पोरगा मारला जातो, ते गाव कुठल्याही धुक्यातल्या गावापेक्षा भयाण आहे. खेड्याच्या गोडव्याचे बुरखे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत फाडले होते, ते उगाच नाही.

आता आरसा आपल्याकडे वळवू, नाहीतर हे लिखाण दुसऱ्यांना शिव्या देण्यापुरतं राहील. आपल्या घरांत बौद्ध पद्धतीने लग्न होतं, बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लागते, त्रिशरण होतं. पण त्याआधीच्या बैठकीत पोटजात विचारली जात नाही का? हुंड्याला ‘मुलीला काय द्यायचं ते द्या’ म्हटलं जात नाही का? मुलीला चहाचा ट्रे देऊन बाहेर बोलावतात, तेव्हा तिचा होकार कुणी विचारतं का, की तिच्या गप्प बसण्यालाच होकार धरतात? मातंग किंवा चर्मकार घरातला मुलगा आणला तर आपलं घर किती दिवस बोलत नाही? कोल्ह्याचा मुखवटा फक्त सवर्णांच्या घरात लटकलेला असतो, असं समजू नका.

आणि मित्रांनो, शेवटचं. भीतीच्या गोष्टी कोण सांगतं यावर भूत कोण ठरतं ते अवलंबून असतं. मराठी भुतांनाही जात आहे. मुंजा ब्राह्मणाचा, ब्रह्मसमंध ब्राह्मणाचा, त्यांना पिंपळ आणि पार. आपल्या वाट्याला त्या गोष्टींत स्मशान आणि गावकुसाबाहेरचा अंधार. त्या अंधारात आपली माणसं राहत होती आणि त्यांना खरी भीती गावातून येणाऱ्या मशालींची वाटत होती, ही गोष्ट अजून कुणी गेममध्ये सांगितलेली आम्ही पाहिली नाही. वस्तीतली पोरं आज कोडिंग शिकतात, ॲनिमेशन करतात, कुणी चित्रं काढतं, कुणी रॅप लिहितं. चारजण एकत्र बसले तर छोटा का होईना, गेम बनतो. हिनाकोच्या गावातली गायब वस्ती जपानी लेखकाने दाखवली नाही. आपल्या गावातली दाखवण्याचं काम आपलं आहे.

जयभीम!